हरवलेल्या माणसांचे वाङ्मय

वृत्तपत्रांतील लहान जाहिरातींना कोणी वाङ्मय म्हणत नाही. त्या देणाऱ्याला लेखक व्हावयाचे नसते आणि वाचणाऱ्यालाही रसास्वाद घ्यावयाचा नसतो. तरीही बॉस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक साप्ताहिकात १८३१ पासून सुमारे नव्वद वर्षे येत राहिलेल्या आयरिश स्थलांतरितांच्या जाहिराती वाचताना या शब्दाची व्याप्ती पुन्हा एकदा तपासून पाहावी लागते. न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिअलॉजिकल सोसायटीने १९८९ पासून ‘द सर्च फॉर मिसिंग फ्रेंड्स’ या नावाने त्यांचे आठ खंड प्रसिद्ध केले. रूथ-अ‍ॅन हॅरिस आणि त्यांचे सहकारी यांनी संपादिलेले हे खंड बहुतेक वाचक आपल्या पूर्वजांचा माग काढण्यासाठी उघडतात. त्यांच्या या उपयोगाचा, आणि त्या उपयोगाच्या ओघात जे निसटून जाते त्याचाही, येथे विचार करावयाचा आहे.

आयरिश पूर्वज शोधणाऱ्या अमेरिकन वंशजाची खरी अडचण गावाची असते. १८५०च्या अमेरिकन जनगणनेत घरातील प्रत्येक माणसाचे नाव प्रथमच लिहिले गेले. परंतु जन्मस्थानाच्या रकान्यात बहुधा ‘आयर्लंड’ एवढाच शब्द आढळतो. जहाजांवरील उतारूंच्या याद्या आणि नागरिकत्वाचे जुने कागदही सहसा याहून अधिक सांगत नाहीत. इकडे आयर्लंडमध्ये स्वतंत्र नाव असलेले जमिनीचे लहान लहान विभाग, ज्यांना तेथे टाउनलँड म्हणतात, साठ हजारांहून अधिक आहेत. एवढ्या पसाऱ्यात एखादा जॉन मर्फी कोठे शोधावा?

त्यात कागदांचाही संहार झालेला. यादवी युद्धात ३० जून १९२२ रोजी डब्लिनचे सार्वजनिक दप्तरखाने भस्मसात झाले आणि १८२१ ते १८५१ या काळातील जनगणनांचा बहुतांश भाग नष्ट झाला. १८६१ ते १८९१ च्या जनगणनांचे कागद तर त्याआधीच सरकारी हुकुमाने नाहीसे करण्यात आले होते. कॅथलिक धर्मग्रामांच्या नोंदवह्या मात्र त्या त्या धर्मग्रामातच राहिल्यामुळे वाचल्या. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने त्यांच्या प्रतिमा २०१५ मध्ये इंटरनेटवर सर्वांना खुल्या केल्या. परंतु कोणत्या धर्मग्रामाची वही उघडावी हे ठाऊक नसेल, तर उघडे दारही बंद दारासारखेच!

‘पायलट’मधील जाहिरात नेमका हाच धागा हाती देते. तिची घडण जवळजवळ ठरलेली आहे : हरवलेल्याचे नाव, परगणा, धर्मग्राम, पुष्कळदा टाउनलँड, देश सोडल्याचे वर्ष, शेवटची खबर जेथून आली ते ठिकाण, आणि शेवटी शोधणाऱ्याचे नाते व पत्ता. सरकारी कारकुनाला ‘आयर्लंड’ हा शब्द पुरला. बहिणीला तो पुरणे शक्यच नव्हते. एकाच नावाची शंभर माणसे कालव्यांवर आणि रेल्वेच्या कामांवर राबत असताना आपला भाऊ ओळखू यावा म्हणून तिला गावाचे नाव सांगणे भाग होते. येथील तपशील इतिहासासाठी लिहिलेला नाही. तो गरजेपोटी लिहिला गेला. त्याच्या विश्वासार्हतेचे मूळ, माझ्या मते, येथेच आहे.

ऑक्टोबर १८३१ मधील पहिलीच जाहिरात या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. किल्डेअर परगण्यातील एका माणसाला त्याची पत्नी चार मुलांसह बॉस्टनला येऊन पोहोचल्याचे कळवू पाहते. तो मात्र सुमारे वर्षापूर्वीच कामाच्या शोधात जवळचे रॉक्सबरी सोडून गेलेला. तिने आपल्या दुःखाचे वर्णन असे केलेलेच नाही. चार मुलांचा आकडा आणि एक वर्षाचे अंतर एवढ्या दोन गोष्टींवर सारा मजकूर उभा आहे. संयम हा येथे शैलीचा गुण नाही, तो जागेच्या आणि पैशाच्या टंचाईतून आलेला आहे. परंतु वाचकावर होणारा परिणाम त्यामुळे उणावत नाही.

१८४५ नंतरच्या दुष्काळवर्षांत या सदराला वेगळेच रूप येते. सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देशोधडीला लागली. तेव्हाच्या मजकुरांकडे एकत्रितपणे पाहिले की व्यक्तिगत वाटणारी हाक समूहाची होते. कालक्रमाने खंड वाचणाऱ्यालाच याचा प्रत्यय येतो. नामसूचीतून आपले आडनाव काढून थेट त्या पानावर जाणाऱ्याला तो येत नाही. नामसूची ही या ग्रंथाची मोठी सोय आहे आणि त्याच्या वाचनाची मोठी मर्यादाही तीच आहे.

दुसरी मर्यादा मूळ साधनातच आहे. येथे केवळ शोधणाऱ्याचा आवाज ऐकू येतो. उत्तर आले की नाही, हे सदर सांगत नाही. जो सहज सापडला त्याची जाहिरात झाली नाही, आणि ज्याच्यामागे शोधणारे कोणीच उरले नाही त्याचीही नाही. शिवाय काहींना सापडावयाचेच नसेल, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. संसार टाकून गेलेला नवरा हाही कोणाचा तरी पूर्वज असतो. वंशावळीच्या उत्साहात ही शक्यता आपण नजरेआड करतो.

याहून मोठा धोका आहे तो नाव जुळताच माणूस जुळला असे मानण्याचा. घरी ज्याला डार्बी म्हणत तो कागदावर जेरेमाया होई. धर्मगुरू लॅटिनमध्ये लिहीत तेव्हा ब्रिजेटची ब्रिगिडा होई. ‘ओ’ आणि ‘मॅक’ ही उपपदे कधी गळत, कधी परत येत. म्हणून जाहिरातीतून गाव मिळाले तरी शोध तेथे संपत नाही. जमिनीच्या १८४७ ते १८६४ मधील ग्रिफिथच्या मूल्यांकनात ते कुटुंब त्या टाउनलँडमध्ये दिसते काय, आणि स्नानसंस्काराच्या वहीत धर्मपिता व धर्ममाता कोण आहेत, हे ताडून पाहावे लागते. ही नावे पुष्कळदा काका, मावशी वा शेजारी यांची असतात, आणि तीच पुढे बॉस्टनच्या धर्मग्रामातील विवाहाच्या नोंदीत साक्षीदार म्हणून भेटतात. माणूस एकटा सापडत नाही. तो त्याच्या माणसांसह सापडतो.

ट्रेंट येथील धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाहाची नोंद ठेवण्याचा आणि स्नानसंस्काराच्या वेळी धर्ममातापित्यांची नावे वहीत उतरविण्याचा दंडक घातला. आपल्या धर्मग्रामांतील वह्याही त्याच परंपरेतल्या आहेत. त्यांत आपण पणजोबांचे नाव तेवढे पाहतो आणि वही मिटतो. या आठ खंडांनी मला शिकविले ते एवढेच, की नोंद शेवटच्या रकान्यापर्यंत वाचावी. एक बहीण ज्याला शोधत होती, त्याला आज त्याचा पणतू शोधतो आहे. तिच्या हाकेला आता कोणी उत्तर देऊ शकत नाही. पण तिने ती कशासाठी घातली होती, हे न कळता केवळ गावाचे नाव उतरवून घेणारा वंशज तिच्या भावाला पुन्हा एकदा हरवून बसतो.