ताल त्याच्याच हातात होता : सिड बॅरेटची एकट्याची गाणी



आज ज्याच्या गाण्यांवर बोलायचं आहे त्याचं नाव घेतलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "याले झालं काय होतं?" अमरावतीत हाच येतो, अकोल्यात हाच येतो, आणि तिकडे लंडनमध्येही पन्नासेक वर्षं हाच येत आला आहे. सिड बॅरेट. पिंक फ्लॉइड या बँडचा पहिला गायक, गिटारवाला आणि गीतकार. प्रश्न वाईट नाही, माणुसकीचाच आहे. पण त्याचं उत्तर देता देता वेळ संपतो आणि गाणी ऐकायची राहून जातात. तेव्हा ते उत्तर आम्ही आधीच उरकून टाकतो.

जन्म ६ जानेवारी १९४६, केंब्रिज. खरं नाव रॉजर कीथ बॅरेट. वडील डॉक्टर होते. मुलगा सोळाचा व्हायच्या आत, १९६१ च्या डिसेंबरात गेले. मुलगा चित्रकला शिकायला लंडनला आला, तिथे बँड जमला. ऑगस्ट १९६७ मध्ये पिंक फ्लॉइडची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली, 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन'. तिच्यातल्या ११ रचनांपैकी ८ एकट्या याच्या. वय २१. त्याच वर्षी एलएसडी, रोजचे कार्यक्रम, टीव्ही, धावपळ; आणि वर्ष संपेपर्यंत माणूस मंचावर नुसता उभा राहू लागला. बँडने डेव्हिड गिलमोरला सोबत घेतलं, आणि १९६८ च्या जानेवारीत एका दिवशी कार्यक्रमाला जाताना सिडला घ्यायला गाडी गेलीच नाही. एप्रिलमध्ये तो अधिकृतपणे बाहेर. आजार कोणता, औषधाने किती बिघडलं, मुळातच काय होतं, यावर पुस्तकंच्या पुस्तकं निघाली आहेत. आम्ही डॉक्टर नाही. तुमच्यात कुणी असले तरी मेलेल्या माणसाची नाडी कॅसेटवरून बघता येत नाही. इथे हा विषय थांबवू.

त्यानंतर त्याने एकट्याच्या नावावर दोन ध्वनिमुद्रिका केल्या, दोन्ही १९७० च्या. जानेवारीत 'द मॅडकॅप लाफ्स', नोव्हेंबरात 'बॅरेट'. बस. उरलंसुरलं १९८८ साली 'ऑपेल' नावाने निघालं. एवढ्याशा भांडवलावर जगभर त्याचा पंथ उभा राहिला, आणि पंथाने काय केलं? गाण्यात कुठे ठेका चुकला, कुठे सूर चिरकला, की बोट दाखवून म्हणायचं : बघा, इथे मन तुटतंय. गाण्याला रिपोर्ट करून टाकलं. एक्स-रे काढल्यासारखं ऐकायचं. आमची तक्रार त्या ऐकण्याशी आहे.

आता ठेक्याचंच घेऊ, कारण सगळं तिथेच अडतं. रॉक संगीताचा ठेका बहुतेक चारचा असतो. एक दोन तीन चार, पुन्हा एक. वाक्य छोटं असलं तर गायक थांबतो, मोठं असलं तर कोंबतो, पण चार म्हणजे चार. बॅरेट तसं करत नाही. त्याचं वाक्य पाचव्या मात्रेवर संपलं तर तिथेच पुढची ओळ सुरू होते. एखादा शब्द आवडला तर त्याला ताणतो आणि हातातली गिटार तेवढी जास्त वाजते. 'डार्क ग्लोब' नीट ऐका. नुसता आवाज आणि गिटार, दुसरं कुणी नाही. मात्रा मोजायला बसलात तर वैतागाल. शब्द ऐकत गेलात तर एकही जागा चुकलेली वाटणार नाही.

आपल्या कानाला यात नवल वाटायचं कारण नाही खरं तर. आपल्या आज्या जात्यावर ओव्या म्हणायच्या, त्यांची अक्षरं कोण मोजत होतं? ओळ कधी लांब, कधी आखूड. जात्याचा फेरा आणि श्वास, दोघांचं जमलं की झालं. किंवा खंजिरी भजन घ्या. मोझरीच्या गुरुकुंजातून ते गावोगाव गेलं. तुकडोजी महाराज गायचे तेव्हा खंजिरी त्यांच्याच हातात असायची. याचा अर्थ काय? गाणारा आणि ताल धरणारा एकच माणूस. शब्दावर जोर द्यायचा ठरलं की हात आपोआप थांबतो, कुणाला डोळ्याने खुणवावं लागत नाही. बॅरेटची गिटार ही त्याची खंजिरी आहे. आम्ही हे कौतुकाने म्हणत नाही, तांत्रिक अर्थाने म्हणतो. महाराजांचं भजन आणि या पोराची गाणी यांच्यात बाकी काही सारखं नाही.

मग बिघडलं कुठे? तर साथीत. आपल्याकडे तबलजी गवयाच्या समोर बसतो. गवई मागेपुढे झाला की तो सावरून घेतो, सम दिसली की मान हलते. साथ म्हणजे बघणं. 'मॅडकॅप'मध्ये उलटं झालं. मे १९६९ मध्ये सॉफ्ट मशीन या बँडचे तिघे, रॉबर्ट वायट, ह्यू हॉपर आणि माइक रॅटलेज, यांना बोलावलं आणि आधीच गाऊन ठेवलेल्या टेपवर वाजवायला सांगितलं. गाणारा पुढे निघून गेलेला, टेप काही थांबत नाही. 'नो गुड ट्राइंग' आणि 'लव्ह यू' या दोन गाण्यांत ते ऐकू येतं. ड्रम कुठे अर्धी मात्रा मागे, बास कुठे अंदाजाने. ही साधी माणसं नव्हती, त्या काळातले अतिशय तयार वादक होते. टेपचा पाठलाग करणाऱ्या कुणाचंही तेच झालं असतं. आणि आपण ऐकताना म्हणतो, सिडचा ताल सुटला. अहो, ताल त्याच्याकडेच होता. बाकीच्यांना तो मिळाला नाही.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं त्याला झाकण्यासाठी. त्याला सरळ ठेका जमतच नव्हता. मग 'टेरापिन' लावा. पहिलंच गाणं, पाच मिनिटांचं, संथ, आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत गिटारचा हात हलत नाही. किंवा 'हिअर आय गो', जुन्या इंग्रजी नाटकशाळेतल्या हलक्याफुलक्या गाण्याच्या थाटाचं, अगदी बांधेसूद. किंवा 'गोल्डन हेअर'. जेम्स जॉइसच्या १९०७ च्या 'चेंबर म्युझिक' या संग्रहातली कविता त्याने चालीत बसवली आहे. शब्द दुसऱ्याचे आहेत म्हटल्यावर तो किती अदबीने गातो ते बघा. आवाज खाली, मागे झांजेची नुसती लाट, दोन मिनिटांत गाणं संपतं. ज्याला हे जमतं त्याने दुसरीकडे ठेका मोडला तर तो मोडला असं आधी धरावं. मुद्दाम की आपसूक, ते नंतर.

पण सगळंच चांगलं आहे असं म्हणणं म्हणजे पुन्हा पंथातच जाणं. 'फील' अर्धवट आहे. दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेतलं 'मेझी' म्हणजे ब्लूजच्या साच्यावर पुटपुटणं, त्यात काही नाही. मुळात 'बॅरेट' ही ध्वनिमुद्रिका कानाला सोपी आहे. गिलमोर आणि रिचर्ड राइट यांनी नीट बसून केलेली, ड्रमवर जेरी शर्ली, सगळं जागच्या जागी. त्यामुळेच की काय, निम्मी गाणी चेहरा धुतल्यासारखी झाली आहेत. तरीही तिच्यात 'डॉमिनोज' आहे. दुपार सरत नाही अशा घरातलं गाणं. त्यातली गिटार उलट्या टेपवर वाजवलेली, म्हणजे सूर आधी फुगतो आणि मग एकदम तुटतो. वेळ मागे जातोय असं वाटतं. आमच्या मते त्याची सगळ्यात पक्की रचना हीच. आणि शेवटी 'एफरव्हेसिंग एलिफंट' हे दोन मिनिटांच्या आतलं हत्तीचं बालगीत. ज्या माणसाला आपण शोकांतिकेचा नायक करून ठेवलंय तो हे हसत हसत लिहू शकत होता, हेही लक्षात असू द्या.

आता नाजूक गोष्ट. 'मॅडकॅप'चं काम एका माणसाने पुरं केलं नाही. १९६८ मध्ये पीटर जेनरने सुरू केलं आणि सोडलं. एप्रिल १९६९ पासून कंपनीतल्या माल्कम जोन्सने धरलं. शेवटची गाणी त्या उन्हाळ्यात गिलमोर आणि रॉजर वॉटर्स यांनी घाईघाईत उरकली, कारण त्यांच्या स्वतःच्या बँडची 'उमागुमा' डोक्यावर होती. त्या घाईतलं एक गाणं 'इफ इट्स इन यू'. त्याच्या सुरुवातीला सूर भलतीकडे जातो, गाणं थांबतं, सिड काही बोलतो, पुन्हा सुरू करतो. दुसऱ्या गाण्यात कागद उलटल्याचा आवाज आहे. हे सगळं कापता आलं असतं. कापलं नाही. जोन्स यांनी पुढे या ध्वनिमुद्रिकेवर छोटं पुस्तक लिहिलं, त्यात या निवडीबद्दल उघड नापसंती आहे.

बाजू दोन्हीकडून मांडता येते. कुणी म्हणेल, खरं आहे ते दाखवलं, उगाच रंगरंगोटी केली नाही. आम्ही बराच विचार करून या मताला आलो आहोत की ते काढायला हवं होतं. प्रत्येक गवयाची अशी चुकलेली सुरुवात असते. ती बाहेर काढताना आपण कुणाची काढतो? ज्याचा दबदबा आहे त्याची नाही काढत. ज्याच्याबद्दल आधीच ठरलंय की डोकं गेलं, त्याची काढतो. आपल्या गावातही हेच होतं. शहाण्याची चूक म्हणजे चूक, आणि एकदा का पोरगं सटकलं असं गल्लीने ठरवलं की त्याची साधी शिंकही पुरावा होते.

आणि इथेच आम्हाला रिद्धपूर आठवतं. इथून जवळ, मोर्शी तालुक्यात. आता तिथे मराठी भाषा विद्यापीठ आलं आहे. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहत होते. महानुभावांसाठी ते पंचकृष्णांपैकी एक. गावातले लोक त्यांना वेडेही म्हणत आणि मायबापही. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी त्याच शतकाच्या शेवटी लिहिल्या, मराठी गद्याच्या अगदी पहिल्या पुस्तकांत ते चरित्र मोजलं जातं. बॅरेटला तिथे नेऊन बसवायचं नाही, गैरसमज नको. आम्हाला हवे आहेत ते म्हाइंभट. ते भक्त होते, तरी लिहिताना काय करतात? कुठे गेले, कुणाच्या घरात शिरले, काय उचललं, कशावर हसले, कुणाला रागावले. छोटे छोटे तुकडे. लोक वेडे म्हणाले तर तेही तसंच लिहून ठेवतात, पुसत नाहीत, चिडत नाहीत. का केलं याचा फाटा शक्यतो फोडत नाहीत. काय केलं ते अचूक. सातशे वर्षांपूर्वी आपल्या जिल्ह्यात बसून एका माणसाने हे साधलं. गाणं ऐकताना आपण तेवढं करू शकतो : इथे मात्रा पाच झाल्या, इथे आवाज वर गेला, इथे तो हसला.

पुढची हकीकत थोडी. ५ जून १९७५ ला तो लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत अचानक आला. जुने सोबती त्याच्यावरच रचलेल्या गाण्याचं काम करत बसले होते. डोकं, भुवया सगळं काढलेलं, अंगाने सुटलेला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. ही गोष्ट हजार वेळा सांगितली गेली आहे, त्यामुळे आम्ही सांगत नाही. त्यापेक्षा नंतरची तीसेक वर्षं बघा. केंब्रिजला परत गेला, पुन्हा रॉजर झाला. बाग केली, चित्रं काढली, त्यांचे फोटो काढले आणि बरीच चित्रं जाळली. सिड म्हणून कुणी दारात आलं तर त्याला ते नको असायचं. गाण्यांचे पैसे त्याच्यापर्यंत पोहोचतील याकडे गिलमोर यांनी लक्ष ठेवलं. ७ जुलै २००६ ला तो गेला, वय ६०. गाणं सोडलेल्या माणसाचं आयुष्य वाया गेलं असं आपण का धरतो, हे आम्हाला कधी कळलं नाही.

आता 'ऑपेल' लावतो. १९६९ चं ध्वनिमुद्रण, पण 'मॅडकॅप'मध्ये घेतलं नाही. १९ वर्षं पेटीत पडून होतं. सहा मिनिटांच्या वर आहे. एक आवाज, एक गिटार, साथीला कुणी नाही, म्हणजे मागे राहायलाही कुणी नाही. मध्यावर वाटेल की रस्ता चुकला. मोबाइल तेवढे बंद करा, आणि पंख्याचा आवाज होतोय, तोही थोडा कमी करा कुणीतरी.