अंगठीवरचे घर

दागिन्याची पारख आपण वजनावरून करतो. जर्मनीतील एर्फुर्ट येथे जपलेली ज्यू विवाहाची सोन्याची अंगठी मात्र निराळ्या नजरेने पाहावी लागते. ती चौदाव्या शतकातली. तिच्या माथ्यावर चिमुकले घर आहे, छपरावर ‘मझल तोव’ ही हिब्रू अक्षरे, म्हणजे ग्रह अनुकूल असोत. आणि तळाशी एकमेकांत गुंतलेले दोन हात.

ज्यू रिवाजाप्रमाणे विवाहाच्या अंगठीत खडा बसवीत नाहीत. खड्याचे मोल सहज कळत नाही, आणि वधूची फसगत होता कामा नये. कारागिराने हे बंधन पाळले आणि रत्नाच्या जागी घर उभारले. जाणकार त्यात जेरुसलेमचे मंदिर पाहतात. मला त्यात नव्या जोडप्याचा संसारही दिसतो.

१३४९ साली, प्लेगच्या दिवसांत, एर्फुर्टमधील ज्यूंची कत्तल झाली. त्या सुमारास पुरलेल्या ठेव्यात ही अंगठी १९९८ मध्ये सापडली. पुरणारा ती न्यायला परतला नव्हता. म्हणून हिला नुसती सुबक म्हणणे अपुरे वाटते. छपरावरचा आशीर्वाद अजून स्पष्ट वाचता येतो. ज्यांच्यासाठी तो कोरला, त्यांचे घर मात्र उरले नाही.