रेवेची स्तुती की रेवेसाठी फिर्याद?

माघ शुद्ध सप्तमी ही नर्मदाजयंती. त्या सायंकाळी जबलपूरच्या बडा फुहारा चौकात पाय ठेवावयास जागा नसते. गेल्या जयंतीस कचेरी सुटल्यावर मी सराफ्यातून कमानिया दरवाजाकडे निघालो असता एका मंडपातून ‘मा रेवा’ हे गीत ऐकू आले. शेजारचे एक वृद्ध गृहस्थ हात जोडून ते ऐकत होते. माझ्याबरोबरचा तरुण सहकारी मात्र म्हणाला, “साहेब, हे भजन नव्हे. हे धरणाविरुद्धचे गाणे आहे.” शब्द एकच, मग अर्थ दोन कसे? या प्रश्नाचा थोडा विचार करावा, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

प्रथम गीताची हकीकत. चित्रपटाच्या आश्रयावाचून स्वतःच्या मर्जीने गाणाऱ्या ज्या रॉक मंडळींना हल्ली ‘इंडी’ म्हणतात, त्यांमध्ये दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाचे स्थान मोठे आहे. १९९० मध्ये तो सुरू झाला. २००० साली निघालेल्या त्यांच्या ‘कंदिसा’ या संग्रहात ‘मा रेवा’ आहे. गीताचे शब्द मात्र त्यांनी रचलेले नाहीत. ते नर्मदेच्या खोऱ्यातील लोकगीत आहे. वृंदातील गायक राहुल राम यांनी १९९० नंतरची काही वर्षे नर्मदा बचाव आंदोलनात काम केले होते. खोऱ्यात कानी पडलेले हे गीत त्यांनी गिटारच्या साथीने शहरात आणले.

आता शब्दांकडे वळावे. माते, तुझे पाणी निर्मळ आहे, ते खळखळत वाहत जाते. तू अमरकंटकाहून निघालीस, जनांची सेवा केलीस. सेवेने फळ मिळते असे वेदपुराणे सांगतात. सारांश एवढाच. त्यात धरण नाही, बुडालेले गाव नाही, सरकार नाही. मग माझ्या सहकाऱ्याने फिर्याद कोठून ऐकली? गायकाच्या चरित्रातून, हे उघड आहे. परंतु कवीचे वा गायकाचे चरित्र गीतावर चिकटवून त्याला अर्थ म्हणणे ही टीकेतील आळसाची रीत होय. उलट, शब्दांत नाही म्हणून अर्थच नाही, असे म्हणणेही तितकेच उथळ.

आपल्या काव्यशास्त्राने ही अडचण फार पूर्वी ओळखली होती. मम्मटाने सूर्यास्त झाल्याचे सांगणाऱ्या एका साध्या वाक्याचे उदाहरण दिले आहे. ते ऐकून गुराखी गुरे वळवितो, ब्राह्मण संध्येला बसतो, अभिसारिका निघावयाची तयारी करते. वाच्यार्थ एक, व्यंग्यार्थ मात्र बोलणारा, ऐकणारा आणि प्रसंग यांवर अवलंबून. आपण नोकरदारांस हे शास्त्र नवे नाही. ‘चर्चा करावी’ एवढा शेरा फाइलीवर कोणाच्या सहीने आला, यावर त्याचा अर्थ ठरतो!

तरीही व्यंग्यार्थ अधांतरी उभा राहत नाही. त्याला शब्दांतच आधार लागतो. या गीतात तो आधार ‘वाहत जाणे’ या कल्पनेत आहे असे मला वाटते. ध्रुवपद तीच कल्पना पुन्हापुन्हा घोळविते. ज्याच्या दारावरून नदी वाहते, त्याला ते वर्णन; पण जिचे वाहणे थांबणार आहे, तिच्या काठच्या माणसाच्या तोंडी ते वर्णन राहत नाही, याचना होते. ज्या वर्षी संग्रह निघाला, त्याच वर्षी १८ ऑक्टोबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरदार सरोवराच्या बांधकामास मुभा दिली. गीतातील एक अक्षरही बदलले नाही. बदलले ते त्याच्या भोवतीचे जग. म्हणून फिर्याद स्तुतीच्या बाहेर नाही, स्तुतीच्या पोटात आहे. हात जोडणारे गृहस्थ चुकले नव्हते. सहकारीही चुकला नव्हता. चूक एवढीच की, त्याने ‘नव्हे’ म्हटले.

महाविद्यालयात असल्यापासून मी हे गीत निव्वळ गोड चाल म्हणून गुणगुणत आलो. बदली होऊन येथे आल्यावर बरगीचे धरण पाहिले आणि ती निश्चिंती गेली. जबलपूरच्या वरच्या अंगास असलेले हे धरण १९९० मध्ये पुरे झाले. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावरचे ते पहिले पूर्ण झालेले मोठे धरण. त्याच्या जलाशयाची झळ मंडला, सिवनी व जबलपूर या जिल्ह्यांतील १६२ गावांना लागली. त्या पाण्यावर शेते भिजतात, वीज होते. मीही त्याच विजेच्या उजेडात हे लिहीत आहे. तेव्हा गीतातील ‘सेवा’ हा शब्द मला पूर्वीसारखा ऐकू येत नाही. रेवेने सेवा केली हे खरे. फळ आमच्या वाट्यास आले आणि मोल दुसऱ्यांनी दिले.

हा अर्थ गीतात होता की मी त्यात घातला? माझे उत्तर असे: गीतात त्याला जागा होती, ती दिसण्यास मला बरगीच्या काठावर उभे राहावे लागले. आपण बदलीची माणसे गावोगावची गाणी ऐकतो आणि पुढे जातो. ज्या मातीतून गाणे आले, तिची एकदा चौकशी केली तर चाल बेसूर होत नाही. श्रोता मात्र जागा होतो. येत्या जयंतीस मीही बडा फुहाऱ्यावर हात जोडीन. पण त्या १६२ गावांचे विस्मरण होऊ देणार नाही.