अर्जाचा वाचक कोण?

अर्जाचे परीक्षण करताना तो कोणास वाचता येतो, हा प्रश्न प्रथम विचारला पाहिजे. पंचवटीतील एखादा अंध विद्यार्थी संगणकावर प्रवेश-अर्ज उघडतो, तेव्हा ‘एनव्हीडीए’सारखी प्रणाली तो त्यास वाचून दाखविते. परंतु चौकटीशेजारी ‘जन्मतारीख’ हा शब्द डोळ्यांस दिसला, म्हणजे तो तिच्याशी जोडलेला असतोच असे नव्हे. जोडणी नसल्यास येथे काही लिहावयाचे आहे, एवढेच त्यास कळते. काय, ते कळत नाही. स्कॅन केलेला अर्ज तर निव्वळ चित्र होय. मराठीत आणखी एक दोष आढळतो: कृतिदेव वा जुन्या श्रीलिपी टंकांतील मजकूर डोळ्यांस मराठी, पण आतून रोमन संकेतांचा, म्हणून कानास निरर्थक.

मदतनीस अर्ज भरून देईल, हा युक्तिवाद अपुरा आहे. कारण मग आपले उत्पन्न व खाते-क्रमांक परक्यास सांगणे भाग पडते. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांची सुगमता अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्कात अंतर्भूत मानली, ती याच दृष्टीने महत्त्वाची. युनिकोड, प्रत्येक चौकटीस नाव आणि योग्य क्रम, एवढे पथ्य तरी अर्ज रचणाऱ्याने पाळलेच पाहिजे.