हद्दवाढीच्या कायद्यातील काळविचार

कायद्याचा मजकूर हा भाषेचाच एक व्यवहार होय; तथापि भाषाभ्यासक त्याकडे क्वचितच वळतात. महानगरपालिकेच्या हद्दीत नव्याने आलेल्या गावांना नळाचे पाणी आणि मलनिःसारणाची सोय केव्हा मिळावी, हा प्रश्न अभियंत्यांचा व अर्थशास्त्रज्ञांचा मानला जातो. प्रस्तुत टिपणात त्याचा विचार व्याकरणाच्या अंगाने करावयाचा आहे. त्यासाठी मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम, १९४९, म्हणजेच आजचा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, यातील तीन कलमे निवडली असून उदाहरण पुण्याचे घेतले आहे.

कलम ३ अन्वये महानगरपालिकेशी विचारविनिमय करून अधिसूचनेद्वारे हद्द बदलण्याचा अधिकार राज्य शासनास आहे. ही क्रिया एका दिवसात पूर्ण होते. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये २३ गावे पुण्याच्या हद्दीत आली, ती अशाच अधिसूचनांनी. कलम ६३ महानगरपालिकेची बंधनकारक कर्तव्ये सांगते. सार्वजनिक व खाजगी उपयोगासाठी पुरेसा पाणीपुरवठा आणि मैलापाण्याची विल्हेवाट ही त्यांपैकीच होत. येथील विध्यर्थ नि:संदिग्ध आहे. ‘करावे’ असे नसून ‘करणे बंधनकारक आहे’ असे आहे. परंतु या बंधनाला जोडलेली विशेषणे ‘वाजवी’ आणि ‘पुरेशी’ एवढीच आहेत. ‘केव्हा’ या प्रश्नाचे उत्तर देणारे क्रियाविशेषण तेथे शोधूनही सापडत नाही.

आता कलम १२९-अ पाहावे. नव्याने आलेल्या क्षेत्रातील मालमत्ताकर टप्प्याटप्प्याने वाढवावा, असे ते सांगते. पुण्यातील गावांना लावलेला क्रम असा होता : पहिल्या वर्षी ग्रामपंचायतीच्या दराने, नंतर शहराच्या दराच्या २० टक्के, ४० टक्के, ६० टक्के, ८० टक्के, आणि शेवटी संपूर्ण दर. या टप्प्यांवरून पुढे पुष्कळ वाद झाला व २०२४ मध्ये शासनाने या गावांतील वसुलीस स्थगितीही दिली. परंतु ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, वाद घालता आला तो टप्पे लिहिलेले होते म्हणूनच. करास काळ आहे, पाण्यास नाही. एकाच अधिनियमात नागरिकाचे देणे वर्षवार मोजले आहे आणि त्याचे घेणे मोघम ठेवले आहे.

ही मोघमता कायद्यापुरतीच राहत नाही, ती शब्दसंग्रहात उतरते. ‘हद्दवाढ’ या सामासिक शब्दात जे वाढते ते हद्द; जलवाहिनी नव्हे. ‘समाविष्ट’ हे कर्मणि भूतकालवाचक धातुसाधित होय. क्रिया संपली, असे ते सांगते. ती कोणी केली हे सांगत नाही. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या गावांचाही उल्लेख पुढे अनेक वर्षे ‘समाविष्ट गावे’ असाच होत राहिला. व्याकरणाने पूर्ण ठरविलेली क्रिया व्यवहारात अपूर्ण राहिल्यामुळे धातुसाधिताचे कायमचे विशेषण झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

कर्त्याची अवस्था याहून बिकट आहे. २०२१ च्या २३ गावांत सेवांचा भार महानगरपालिकेकडे आला. नियोजनाचे व बांधकाम परवानगीचे अधिकार मात्र पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडे ठेवण्यात आले. महानगरपालिकेचे पाणी उपलब्ध होईपर्यंत विकसकाने पाण्याची सोय करावी, अशी हमीपत्रे परवानगीच्या वेळी घेण्यात आली. ‘होईपर्यंत’ हे रूप क्रियेची सीमा सांगते, पण सीमेची तारीख सांगत नाही. त्या रूपाच्या पोटात टँकर उभा आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुलेन-बारे या मज्जाविकाराची साथ उद्भवली. काही रुग्णांच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जीवाणू आढळला व संशय दूषित पाण्याकडे वळला. रुग्णांची दाटी नांदेड, किरकटवाडी या २०२१ च्या समाविष्ट गावांच्या बाजूस अधिक होती. तेथील विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरिन मिसळून पुरविले जात होते. पुण्याची तहान भागविणारे खडकवासला धरण या गावांपासून हाकेच्या अंतरावर आहे, हे येथे स्मरणात ठेवावे.

याउलट रचनेचे उदाहरण अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मिळते. रहिवाशांच्या संमतीवाचून हद्दवाढ करण्याची मुभा तेथील शहरांना १९५९ च्या कायद्याने होती. २०११ च्या दुरुस्तीने अशा हद्दवाढीत बहुसंख्य मालकांनी मागणी केल्यास पाणी व मलवाहिनी विनामूल्य, तीही साडेतीन वर्षांत, देण्याचे बंधन घातले. येथे कर्ता आहे, कर्म आहे आणि काळही आहे. मात्र २०१२ मध्ये मतदारांच्या कौलाची अट आली आणि अशी हद्दवाढ जवळजवळ थांबली. शहरांच्या कडेला असलेल्या ज्या गरीब वस्त्यांना हद्दीत यावयाचे होते, त्यांचा प्रश्न या वाक्याने सुटला नाही. वाक्य नेमके असले म्हणजे न्याय्य असतेच असे नाही.

यावर आक्षेप येईल की, पाण्याचा कोटा व निधी क्रियाविशेषणाने निर्माण होत नाहीत. आक्षेप खरा आहे. परंतु रतलाम नगरपालिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्येच, पैशाची अडचण हे कर्तव्य टाळण्याचे कारण होऊ शकत नाही, असा निर्णय दिला. तेथेही गटारांसाठी मुदत आली ती न्यायाधिकाऱ्याच्या आदेशातून, त्याही आधी रहिवाशांना दाद मागावी लागल्यानंतर. मुदत कायद्यातच असती तर प्रत्येक वस्तीस न्यायालयाची पायरी चढावी लागली नसती. मुदत पाणी आणीत नाही. पाणी आले नाही तर उत्तर कोणी द्यावयाचे, हे ती ठरविते.

म्हणून सूचना एवढीच की, कराचे टप्पे ज्या कलमात लिहावयाचे त्याच कलमात पाण्याचे व मलनिःसारणाचे टप्पे लिहावेत, आणि दुसरा टप्पा चुकला तर पहिलाही पुढे सरकू नये. तसे झाले तर ‘समाविष्ट’ हे विशेषण गळून पडेल आणि गावाचे नुसते नाव उरेल. समावेश पूर्ण झाल्याची तीच खूण होय.