शब्दाची जात कोण ठरवतो?

दिवाळी अंकात व्याकरण म्हणजे फराळाच्या ताटात कारल्याची भाजी, असे काही वाचकांना वाटेल. पण ज्या घरात पाचवी ते दहावीचे मूल आहे त्या घरात 'शब्दांच्या जाती ओळखा' हा प्रश्न वर्षातून चार वेळा तरी येऊन जातो, आणि त्या वेळी आईवडील स्वयंपाकघराकडे किंवा बाजाराकडे निघून जातात. तेव्हा बाजारापासूनच सुरुवात करू.

आमच्या करकंबची बाजार आमटी पंढरपूर तालुक्यातच काय, साऱ्या सोलापूर जिल्ह्यात नावाजलेली. आता या 'बाजार आमटी'तला 'बाजार' हा शब्द कोणत्या जातीचा? शाळेच्या पुस्तकातली व्याख्या सांगते की नामाबद्दल विशेष माहिती सांगणारा शब्द म्हणजे विशेषण. 'बाजार' हा आमटीबद्दल माहिती सांगतोच. कोणती आमटी, तर बाजार आमटी. म्हणजे विशेषण. पण तेच पुस्तक दोन पाने आधी म्हणते की वस्तूचे, स्थळाचे नाव ते नाम. मग बाजार हे नामही आहे! एका परीक्षेत एका मुलीने 'नाम' असे लिहिले आणि तपासणाराने तिचा गुण कापला. मला त्या गुणाचे दुःख आहे, कारण मुलीचे उत्तर बरोबर होते, आणि ते का बरोबर हे सांगण्याची सोय त्या व्याख्येत नव्हती.

ती सोय भाषाशास्त्रज्ञांनी केली आहे. शब्दाला अर्थ विचारू नका, त्याचे वागणे पाहा, हे त्यांचे सूत्र. बाजारच्या शेजारी 'झणझणीत' हा शब्द ठेवून पाहा. 'झणझणीत आमटी' म्हणता येते, 'आमटी झणझणीत आहे' म्हणता येते, 'फार झणझणीत आमटी'ही म्हणता येते. 'आमटी बाजार आहे' किंवा 'फार बाजार आमटी' असे आमच्याकडचे तान्हे पोरही म्हणणार नाही. उलट 'बाजाराला', 'बाजारात', 'दोन बाजार' ही रूपे खुशाल होतात. म्हणजे बाजार हा आमटीशेजारी बसला तरी नामच राहिला. इंग्रजीतही हेच. दगडी भिंतीला इंग्रज 'स्टोन वॉल' म्हणतो. पण 'स्टोन'ला 'व्हेरी' हा शब्द जोडता येत नाही, म्हणून तिकडचे आधुनिक व्याकरणकार 'स्टोन'ला विशेषण म्हणत नाहीत.

या पद्धतीचा टोकाचा पुरस्कर्ता म्हणजे अमेरिकेतील मिशिगनचा चार्ल्स फ्रीज. १९५२ साली त्याने इंग्रजी वाक्यरचनेवर पुस्तक लिहिले, ते जुन्या ग्रंथांतली वाक्ये घेऊन नव्हे, तर टेलिफोनवरची सुमारे ५० तासांची संभाषणे, म्हणजे अडीच लाखांच्या आसपास शब्द, ध्वनिमुद्रित करून. त्याने वाक्यांचे साचे केले, त्यांत एकेक जागा मोकळी ठेवली आणि त्या जागी कोणकोणते शब्द बसतात ते पाहिले. एका जागी बसणारे शब्द एका वर्गाचे. नाम, क्रियापद ही नावेसुद्धा त्याने टाकली आणि शब्दांना एक ते चार असे क्रमांक दिले. उरलेल्या किरकोळ कामकरी शब्दांचे पंधरा गट केले. नावे टाकणे हा मला हट्ट वाटतो. घरातल्या माणसांना नावांऐवजी क्रमांक दिल्याने घर शास्त्रीय होत नाही. पण साचा घालून पाहण्याची त्याची युक्ती मोलाची आहे, आणि ती मराठीत इंग्रजीपेक्षाही सुखाने चालते, कारण आपल्या शब्दांना प्रत्ययांचे शेपूट असते. हे वाक्य वाचा: 'गिंबळ्या चुरप्याने तीन फडकुळ्या लुबकल्या.' यातल्या 'तीन'खेरीज एकाही शब्दाला अर्थ नाही. तरी चुरपा हे पुल्लिंगी नाम, गिंबळा हे त्याचे विशेषण, फडकुळी हे स्त्रीलिंगी नाम आणि लुबकणे हे क्रियापद, हे सातवीतले मूल हसत हसत सांगते. अर्थावाचून जात कळली ती कशावरून? रूपावरून आणि जागेवरून.

अर्थाच्या मागे लागले म्हणजे काय होते तेही पाहा. क्रिया दाखवणारा शब्द ते क्रियापद, असे आपण घोकतो. 'लढाई' क्रिया दाखवत नाही का? आणि 'देव आहे' यातला 'आहे' कोणती क्रिया दाखवतो? 'खेळ' हा शब्द नामही होतो, क्रियापदही होतो. 'खेळाला' म्हटले की नाम, 'खेळला' म्हटले की क्रियापद. एका कान्याने जात बदलते.

यात पाश्चात्त्यांचेच सगळे श्रेय आहे असे कोणी समजू नये. यास्काने शब्दांच्या चार जाती केल्या: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीने तर दोनच मानल्या, आणि त्याही केवळ शेवटी कोणता प्रत्यय लागतो यावरून. अर्थाला त्याने या कामी दारातही उभे केले नाही. मग आपल्याकडे आठ जाती आल्या कोठून? ग्रीसमध्ये थ्रॅक्सच्या नावावरील व्याकरणात आठ होत्या. त्यांत विशेषण वेगळे नव्हते, ते नामातच मोडे. लॅटिनमध्ये ग्रीकसारखे उपपद नव्हते, तेव्हा तेथील पंडितांनी उद्गारवाचकाला स्वतंत्र जागा देऊन आठाचा आकडा राखला. १७९५ साली लिंडली मरेने इंग्रजीच्या नऊ सांगितल्या, त्यात उपपद होते. मराठीत उपपद नाही. नवातून एक वजा केला की उरतात आठ! आपल्या आठ जातींची यादी मरेच्या यादीशी ताडून पाहावी, क्रम थोडा इकडेतिकडे, बाकी सारखेच बिऱ्हाड.

दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण छापले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. इंग्रजी शिकलेल्या त्या तरुणाने हाताशी होता तो साचा घेतला, याचा दोष मी देणार नाही. मौज एवढीच की हेच दादोबा पुढे १८४९ पासून मुंबईच्या परमहंस सभेचे धुरीण झाले, आणि त्या सभेला माणसांच्या जाती मान्य नव्हत्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी शालापत्रकातल्या निबंधांतून मराठी व्याकरणाची बारीक चिकित्सा केली. १९११ मध्ये मोरो केशव दामल्यांनी आपला जाडजूड 'शास्त्रीय मराठी व्याकरण' ग्रंथ दिला. १९६४ साली अरविंद मंगरूळकरांनी 'मराठी व्याकरणाचा पुनर्विचार' करून सगळी घडीच विस्कटली. पण शाळेच्या पुस्तकापर्यंत यातले फारसे पाझरले नाही.

याचा सर्वांत वाईट परिणाम 'वर', 'खाली', 'पुढे', 'मागे' या गरीब शब्दांवर झाला आहे. 'खाली बस' यात 'खाली' क्रियाविशेषण, आणि 'झाडाखाली बस' यात शब्दयोगी. एकच शब्द, एकच अर्थ, आणि जाती दोन! मुले हे पाठ करतात, पण मनातून त्यांना ते पटत नाही, आणि माझ्या मते मुलांचेच खरे आहे. डॅनिश पंडित ऑटो येस्पर्सन याने १९२४ मध्येच इंग्रजीच्या अशा शब्दांबद्दल सांगितले होते की हा दुजाभाव व्यर्थ आहे. २००२ सालच्या केंब्रिजच्या मोठ्या इंग्रजी व्याकरणाने त्याचे म्हणणे बरेचसे स्वीकारले. त्याचा युक्तिवाद मराठीत आणून पाहा. 'मी वाचतो' आणि 'मी पुस्तक वाचतो' यांत वाचतो हा शब्द एकदा कर्मावाचून आला, एकदा कर्मासह. म्हणून आपण त्याच्या दोन जाती करतो काय? मग 'खाली' एकदा नामावाचून आला आणि एकदा नामासह, तर त्यालाच ही शिक्षा का? कोणी म्हणेल, 'साठी', 'मुळे' हे तर कधीच एकटे येत नाहीत. खरे आहे. पण 'ठेवतो' हे क्रियापदही काय ठेवतो ते सांगितल्यावाचून लंगडेच राहते. क्रियापदांत सकर्मक-अकर्मक असे पोटभेद चालतात, तसे येथेही चालावेत. जात एकच ठेवावी.

इंग्रजीच्या सगळ्या कसोट्या मात्र उचलून आणू नयेत. तिकडे विशेषणाला तुलनेचे प्रत्यय लागतात. आपण 'पेक्षा' लावतो तो विशेषणाला नव्हे, नामाला: 'भावापेक्षा मोठा'. 'मोठा'ला लिंगवचनाप्रमाणे बदल आहे, तर 'हुशार' मुलालाही हुशार आणि मुलीलाही हुशार. आणि 'शहाण्याला शब्दाचा मार' म्हणताना विशेषण सरळ नामाच्या पाटावर येऊन बसते. म्हणून एका कसोटीवर निकाल देऊ नये; तीनचार लावाव्यात आणि कौल पाहावा. काही शब्द निम्म्या कसोट्यांना उतरतील, निम्म्यांना नाही, आणि तसे असेल तर तसे वर्गात सांगावे. आज संगणकाला भाषा शिकवणाऱ्यांनी जगातल्या भाषांसाठी सतरा जातींची एक यादी केली आहे आणि तीत मराठीही बसवली आहे. बसवताना त्यांनाही कोपरे घासावे लागतातच.

तो एक 'च' पाहा ना. 'मीच', 'बाजारातच', 'येतोच', 'वरच', 'लालच'. नाम म्हणू नका, क्रियापद म्हणू नका, कोणाच्याही खांद्यावर हा बसतो आणि कोणाचेही रूप बदलत नाही. शालेय व्याकरण त्याला शुद्ध शब्दयोगी म्हणून एका कोपऱ्यात ढकलते. शब्दयोगी नामाला लागते म्हणावे, तर हा 'येतोच'मध्ये क्रियापदाला कसा चिकटला? आठ खोल्यांच्या या वाड्यात त्याला खोली नाही. यास्काच्या चार खोल्यांत मात्र निपातांची एक होती.