हडळीची फिर्याद

धानाची कापणी आटोपली की पूर्व विदर्भात लाखांदूर तालुक्यातल्या दिघोरीपासून वैनगंगेकाठच्या वडशापर्यंत मंडया, म्हणजे गावजत्रा, भरतात आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर रंगतात. या मंचावर सासुरवासानं, हुंड्यानं पोळलेली सून जीव तोडून बोलते. पण तीच बाई मेली आणि पारावरच्या गोष्टीत हडळ होऊन आली, की तिची वाचा जाते. उरतात उलटी पावलं, मोकळे केस, हिरवं लुगडं. ती कशानं मेली, हे सांगायला कुणी थांबत नाही. मराठी भूतकथेचा हा मोठा दोष आहे.

खरं तर हडळ जन्मते ती बाळंतपणातल्या मरणातून. एन्थोवेन यांच्या १९२४ सालच्या लोकसमजुतींच्या ग्रंथात एक चाल नोंदलेली आहे: अशा बाईच्या प्रेतामागं वाटेवर राळे टाकायचे. दाणे मोजून संपल्याशिवाय तिला घर गाठता येत नाही. ज्या घरासाठी ती मेली, त्याच घरानं तिची वाट अडवायची! या भीतीत अपराधाची जाणीव दडलेली आहे, आणि कथेचं बीजही तिथंच आहे.

तिला प्रश्न विचारायची रीत आपल्याकडे नाही असं नाही. कुणाच्या अंगात आलं, की जाणता विचारतो, ‘कोन होस तू? का पायजे तुले?’ पण साडीचोळी नि नैवेद्यावर तिची बोळवण होते. जाब कुणालाच द्यावा लागत नाही.

कोरियातल्या जांग्ह्वा-होंग्रयॉन या बहिणींची कथा इथं वेगळी वाट धरते. सावत्र आईच्या कारस्थानानं बुडून मेलेल्या या मुली थेट न्यायाधिकाऱ्याकडे जातात. आधीचे अधिकारी भीतीनं मरतात. एक जण धीरानं ऐकून घेतो, चौकशी करतो, गुन्हेगाराला शिक्षा होते. तिथं भूत म्हणजे फिर्यादी. २००३ साली या कथेवरून निघालेला चित्रपट जगभर पोहोचला.

आपल्याकडे नारायण धारपांच्या ‘समर्थ’ या नायकाच्या कथांत अमंगळाशी झुंज रंगली. पीडितेची बाजू मागं राहिली. विशाल फुरिया यांच्या ‘लपाछपी’नं (२०१७) मात्र उसाच्या रानात मुलींचे जीव घेणारं घरच उघडं केलं. तिथं भुतापेक्षा जिवंत माणसांची दहशत वाटते, आणि म्हणूनच तो चित्रपट मोलाचा.

हा केवळ कलेचा प्रश्न नाही. जिवंत बाईवर करणीचा आळ घेतला जातो, म्हणून २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. मेलेली बाई म्हणजे निव्वळ दुष्टावा, असं ऐकत वाढलेल्या गावाला जिवंत बाईत चेटकीण दिसायला वेळ लागत नाही. झाडीपट्टीच्या नाटककारांकडे भाषा आहे, रात्रभर बसणारा प्रेक्षक आहे. त्यांनी हडळीला मंचावर आणावं, तिचं नाव-गाव सांगावं आणि तिच्या मरणाचा जाब तिच्या घराला सर्वांसमोर विचारावा.